न आलेल्या माणसाचा उंट

मी उंट. रवंथ थांबवून बोलतोय, तेव्हा जरा कान देऊन ऐका. मान वर असते म्हणून लोक मला गर्विष्ठ समजतात. तसं काही नाही. उंचीमुळे मला लांबचं दिसतं, एवढंच. जवळचं सगळं मला आवाजावरून आणि वासावरून कळतं.

तुमच्या भाषेने माझी पुष्कळ थट्टा केली आहे. उंटावरचा शहाणा म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणे. इतक्या वर्षांत माझ्या पाठीवरून कुणी शेळ्या हाकल्याचं मला आठवत नाही. शेळी समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकत नाही, ती उंटावरच्याचं काय ऐकणार? शहाणे मात्र खूप बसून गेले. पण मला गोष्ट सांगायची आहे ती एका न बसलेल्या माणसाची, आणि त्याच्या धाकट्या भावाची.

माझा जन्म एका काटेरी कुंपणाच्या आडोशाला झाला. आधी नुसते पायच बाहेर आले, बाकीचा उंट मागाहून आला, असं माझा पहिला मालक सांगायचा. तो वीटभट्टीवाला. आईच्या मागे मागे दोन वर्षं हुंदडलो, मग नाकात वेसण पडली आणि पाठीवर विटा आल्या. विटांचं एक बरं असतं, त्या किंचाळत नाहीत. चार वर्षं मी विटा वाहिल्या. मग मालकाने ट्रक घेतला. ट्रक काटे खात नाही, चावत नाही, बसल्यावर उठायला कुरकुर करत नाही. मला विकलं.

घेतलं ते काकांनी. काका म्हणजे पर्यटकांना उंटावरून वाळवंटात नेणारे उंटवाले. दुपारी निघायचं, तीन तास चालायचं, वाळूच्या टेकड्यांमध्ये तळ टाकायचा, रात्र तिथे काढायची आणि सकाळी परत. त्यांच्याकडे आम्ही चार उंट. माझी चाल मऊ, म्हणून मला ते ‘गादी’ म्हणायचे. “गादी, बस. गादी, ऊठ. गादी, त्या बाईंची टोपी खाऊ नको.”

विटांनंतर माणसं वाहणं म्हणजे करमणूकच होती. आम्ही उठतो ते मागच्या पायांवर आधी. त्यामुळे पाठीवरचा माणूस एकदम पुढे कलंडतो आणि ओरडतो. मोठमोठे मिशीवाले ओरडतात. काकांनी आधी दहा वेळा सांगितलेलं असतं, “मागे रेला, मागे रेला,” तरी ओरडतात. मग फोटो काढतात. फोटोत सगळे हसतात. पहिला तास फोटोत जातो, दुसरा ‘अजून किती लांब’ विचारण्यात, आणि तिसऱ्या तासाला माणसं गप्प होतात. त्या तिसऱ्या तासातली माणसं मला आवडतात.

काकांच्या कामाच्या काही रीती होत्या. सहलीच्या कचेरीतून त्यांच्याकडे चिठ्ठी यायची, त्यात प्रत्येकाचं वजन आणि उंची. त्यावरून ते उंट ठरवायचे, खोगिराखालच्या गोधड्या कमीजास्त करायचे, पाय ठेवायच्या रिकिबीचे पट्टे लांबआखूड करायचे. “वजन खरं सांगा हो,” ते म्हणायचे, “बायकोपासून लपवा, उंटापासून लपवू नका.”

दुसरी रीत अशी की तळावर सगळी माणसं पोचल्याशिवाय काका जेवायचे नाहीत. फार पूर्वी त्यांचा एक पाहुणा लघवीला म्हणून टेकडीमागे गेला आणि वाट चुकला. रात्रभर शोधलं. सकाळी सापडला तो तळापासून हाकेच्या अंतरावर, गुडघ्यात डोकं घालून बसलेला. हाका ऐकू येत होत्या, पण कुठून ते त्याला कळत नव्हतं. आणि काका त्या रात्री मजेत दोनदा भात वाढून घेऊन जेवले होते, तो नाहीसा झाल्याचं कळायच्या आधी. ते जेवण त्यांच्या घशात कायमचं अडकलं. तेव्हापासून शेवटचं माणूस येईपर्यंत त्यांच्या तोंडात घास जात नसे, आणि त्या माणसाच्या उंटाचं खोगीरही उतरत नसे. न जाणो, शोधायला निघावं लागलं तर.

आता त्या दिवसाचं सांगतो.

दुपारी जीप आली. तिच्यातून तिघं उतरली. एक निवृत्त नर्सबाई, एक त्यांची सून, आणि एक बावीस-तेवीस वर्षांचा सडपातळ मुलगा. नर्सबाईंच्या मुलाला रजा मिळाली नव्हती, म्हणून सासू-सून दोघीच आल्या होत्या.

“आई, तुम्हाला जमेल ना? गुडघे बघा तुमचे.”

“छत्तीस वर्षं मी माणसं उचलली. आज कुणीतरी मला उचलू दे की.”

त्या सडपातळ मुलाच्या पायात कापडी बूट होते, अंगठ्याजवळ उसवलेले. काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे ते एका डोळ्याने वाचायचे. “तुम्ही दोघे भाऊ ना? दुसरे कुठायत? ब्याण्णव किलोवाले?”

मुलगा म्हणाला, “येतोय.”

“येतोय म्हणजे?”

“म्हणजे… उशीर होतोय त्याला. नेहमीच होतो. पण येतोय.”

काकांना तेव्हा ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण तुम्हाला मी अंधारात ठेवत नाही. मोठा भाऊ येणार नव्हता. एकवीस दिवसांपूर्वी तो वारला होता. धाकट्याने सहल रद्द केली नव्हती, दादाचं नाव काढलं नव्हतं आणि कुणाला काही कळवलंही नव्हतं. दोघांच्या सहलीला तो एकटा आला होता, आणि काकांनी विचारल्यावर त्याच्या तोंडून ते ‘येतोय’ निघून गेलं. एकदा निघालं, मग ते परत कसं घ्यायचं, हे त्याला कळेना.

मला एवढंच कळलं की घाबरलेल्या जनावराच्या अंगाला येतो तसा वास त्याच्या अंगाला येतोय.

“ठीक आहे,” काका म्हणाले. “उशिरा येणाऱ्याला जीप जुन्या विहिरीपर्यंत आणते. पुढे वाळूत चाकं रुततात. तिथून मी उंटावर घेऊन येईन. गादीला बरोबर घेऊ.”

अशी आमची रांग निघाली. पुढे काका पायी, मग नर्सबाईंचा उंट, मग सुनेचा, मग धाकट्याचा आणि शेवटी मी. ब्याण्णव किलोंच्या माणसासाठी माझं खोगीर कसलं होतं आणि त्यात कुणीच नव्हतं. रिकाम्या रिकिबी दर पावलाला माझ्या बरगड्यांवर आपटत होत्या. भरलेलं खोगीर बसतं, रिकामं खोगीर नाचतं. मला विटांची आठवण झाली. विटा बऱ्या.

धाकटा सारखा मागे वळून बघत होता. मला वाटलं, मी आवडलो असेन.

नर्सबाईंना गप्प बसवत नव्हतं. “काय करतो रे तुझा भाऊ?”

“लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे लोक अडकले की त्याला बोलावतात. तो त्यांना बाहेर काढतो आणि मग त्यांच्याशीच गप्पा मारत बसतो. म्हणून सगळीकडे उशीर.”

“लग्न झालंय?”

“मुलगी बघायला गेलो होतो. आम्ही पोचलो तर ते लोक जेवून झोपले होते.”

सून इतकी हसली की तिचा उंट दचकला. धाकटाही हसला. मग तो सांगतच सुटला. दादा पिक्चरला मध्यंतरानंतर पोचतो आणि पहिला अर्धा भाग आपल्या मनाने रचून सांगतो. दादाचे पाय इतके लांब की बसमध्ये बसला की समोरच्याच्या पाठीत त्याचे गुडघे. दादा अंड्याचं कालवण करतो आणि अंडी घालायला विसरतो. दादा करतो, दादा म्हणतो, दादाला आवडतं. एक वाक्य ‘होतं’वर जाईना.

“येऊ दे तुझ्या दादाला,” नर्सबाई म्हणाल्या, “कान उपटते त्याचे. धाकट्या भावाला एकटं पाठवतो म्हणजे काय?”

धाकटा एकदम गप्प झाला. सासू-सुनेला वाटलं, उंटावर अंग दुखायला लागलं असेल. बहुतेकांचं दुखतंच.

तळावर पोचलो तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता. काकांनी बाकीच्या तीन उंटांची खोगिरं उतरवली, त्यांचे पुढचे पाय सैल बांधून त्यांना झुडपांत चरायला सोडलं. मला तसंच बसवून ठेवलं. मी कुरकुरलो. काका म्हणाले, “थांब रे गादी. तुझा माणूस यायचाय.”

काटक्या पेटल्या, भात शिजला, निखाऱ्यांत बटाटे भाजले. काकांनी पाच ताटल्या मांडल्या. धाकट्याने पाच मोजल्या. मी पाहत होतो, त्याने दोनदा मोजल्या.

काकांनी कंदील पेटवला आणि ते टेकडीवर चढले. विहिरीपाशी पोचल्यावर जीपवाल्याने दिवा तीनदा उघडझाप करायचा, अशी त्यांची खूण ठरलेली. ते वर कंदील घेऊन उभे राहिले, म्हणजे लांबून येणाऱ्यालाही तळ दिसावा. बराच वेळ झाला. अंधार पडला. काका उतरले, निखारे सारखे केले आणि पुन्हा चढले.

खाली नर्सबाई भातावर झाकण ठेवून बसल्या.

“आई, तुमची गोळी जेवणानंतरची आहे,” सून म्हणाली.

“गोळीला सांग, पाहुणा यायचाय. म्हातारा माणूस उपाशी उभा आहे तिकडे, आणि मी काय बटाटे सोलत बसू?”

“तुम्ही पण म्हाताऱ्याच आहात.”

“मी बसलेली म्हातारी आहे. फरक असतो.”

काका दुसऱ्यांदा उतरले तेव्हा धाकटा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “काका, तुम्ही जेवून घ्या. त्याची सवयच आहे हो. त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.”

“त्याची सवय त्याच्यापाशी, माझी माझ्यापाशी.”

“तो… कदाचित येणारच नाही. उद्या येईल. मला म्हणाला होता तसं.”

“कधी म्हणाला? इथे फोन लागत नाही. मघाशी म्हणालास, येतोय.” काका वैतागले होते, पण त्याच्यावर नाही. “तो जीपवाला महाआळशी आहे. पाहुण्याला विहिरीपाशी सोडून खूण न करताच परत गेला असणार. आधीही केलंय त्याने. माणूस तिथे काळोखात एकटा बसला असेल, आणि आपण इथे भाताची राखण करतोय.”

त्यांनी पाण्याची बाटली माझ्या खोगिराला अडकवली. माझी दोरी सोडली.

मला आश्चर्य वाटलं. काका उंटावर बसत नसत. सगळा जन्म ते आमच्या पुढे पायी चालत आले. त्या वेळी मात्र त्यांनी खोगिराला हात घातला, कारण चालून चालून त्यांचे पाय भरून आले होते. एका डोळ्याला दिसत नव्हतं, चंद्र उगवायला वेळ होता, आणि विहिरीच्या वाटेवर सगळीकडे उंदरांची बिळं. दिवसासुद्धा मी तिथे पाय बघून टाकतो. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी पाय उचलला.

धाकट्याने धावत येऊन माझी दोरी धरली. वेसणीला हिसका बसला, मी ओरडलो.

“काका, जाऊ नका.”

“सोड रे. तासाभरात घेऊन येतो त्याला.”

“तिथे कुणी नाही.”

“तुला काय माहीत?”

“काका, तो नाही येणार. तो गेला.”

“कुठे गेला?”

धाकट्याने तोंड उघडलं आणि त्याला दुसरा शब्द सापडेना. दोरी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. माझं नाक दुखत होतं, पण मी हललो नाही. “वारला,” तो म्हणाला. “दादा वारला. एकवीस दिवस झाले.”

काकांचा पाय अर्धवट वर तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

“गाढवा! मूर्खा! मी तिकडे बिळात पाय घालून पडलो असतो म्हणजे? उंटाचा पाय मोडला असता म्हणजे? मेलेल्या माणसासाठी मला दोनदा टेकडी चढायला लावलीस?” त्यांचा आवाज चढत गेला आणि अचानक बसला. ते वाळूत मटकन बसले. “एकवीस दिवस?”

“हो.”

“पोरा, एकवीस दिवसांत कुणालाच सांगितलं नाहीस?”

“सांगायला कुणी नव्हतं. आम्ही दोघंच.”

तोही बसला. दोरी अजून हातात. अंधारात तिकडून नर्सबाई आल्या, गुडघे धरत, मागे सून. धाकटा आपणहून बोलायला लागला, भराभर, जणू थांबला तर पुन्हा जमणार नाही.

“तो नेहमी उशिरा यायचा. मी लहानपणापासून दारात उभा राहून लोकांना सांगायचो, येतोय, येतोय. आज तुम्ही विचारलंत, दुसरे कुठायत, तर तोंडातून तेच निघालं. मी ठरवून नाही बोललो, काका. आईशप्पथ.”

“बरं.”

“त्या दिवशी बूट घ्यायला जायचं होतं. या सहलीचे. माझे फाटलेत म्हणून तो मला घेऊन देणार होता. दुकान आठला बंद होतं. साडेसात झाले तरी याचा पत्ता नाही. मी फोन केला. ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, आज उशीर केलास ना, तर मी एकटाच जाईन सहलीला. तू बस तुझ्या लिफ्टमध्ये.” त्याने बाहीने नाक पुसलं. “तो हसला. म्हणाला, निघालोच. आणि खरंच निघाला. जन्मात पहिल्यांदा म्हटल्याबरोबर निघाला. गाडी जोरात मारत आला असणार. आमच्या घराच्या वळणावर…”

त्याने हातातली दोरी मुठीला गुंडाळली.

“मी त्याला म्हटलं होतं, एकटाच जाईन,” थोड्या वेळाने तो हळू म्हणाला. “म्हणून मला एकटं यायचं नव्हतं.”

मी रवंथसुद्धा करत नव्हतो.

नर्सबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “छत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. दाराबाहेरच्या बाकावर बसलेलं प्रत्येक माणूस मला हेच म्हणायचं, सिस्टर, माझ्यामुळे झालं. बायको म्हणायची माझ्यामुळे, आई म्हणायची माझ्यामुळे, मित्र म्हणायचा माझ्यामुळे. एका माणसाच्या मरणाला एवढी माणसं कारण कशी असतात, ते मला आजवर कळलेलं नाही.”

“पण मी ओरडलो होतो.”

“ओरडलास. आणि तो हसला, हेही तूच सांगितलंस.”

हे ऐकून तो रडला. आधी बराच वेळ आवाज नव्हता, मग आवाज आला. माझ्या मानेला टेकून रडला. माणसाचे अश्रू खारट असतात, आणि खारट आम्हाला आवडतं. चाटावंसं वाटलं. चाटलं नाही. काही वेळा उंटालाही कळतं.

शेवटी काका उठले. “ऊठ,” ते म्हणाले. “ह्याचं खोगीर उतरवायचंय. बिचारा दुपारपासून बांधलाय. मला आता दिसत नाही, तू सोड.”

“मला येत नाही.”

“पोटाखालचा पट्टा, तो तंग, आधी. नाही, तो नाही. तो खेच… हं. आता दोघं मिळून उचलू.”

खोगीर उतरलं. गोधड्या निघाल्या. माझी पाठ घामाने चिकट झाली होती, वारा लागला तसं अंगभर शहारलं. धाकट्याने दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवले, जिथे पट्टे रुतले होते तिथे, आणि चोळत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. “सॉरी हां,” तो मला म्हणाला. इतक्या वर्षांत मला सॉरी म्हणणारा तो पहिला.

मग काका जेवले. गार भात, कोळसा झालेले बटाटे. तीनदा वाढून घेतलं. पाचवी ताटली सुनेने उचलून ठेवायला घेतली, तर धाकटा म्हणाला, “राहू द्या, मला द्या,” आणि आपली संपवून त्याने तीही खाल्ली. एकवीस दिवसांची भूक होती ती.

“तुम्हाला राग नाही ना आला?” त्याने काकांना विचारलं.

“आला की. पण भूक जास्त लागली होती.”

नर्सबाईंनी गोळी घेतली आणि जाहीर केलं की ही गोळी जेवणानंतरची नसून रडल्यानंतरची आहे. मग सगळे झोपले. धाकटा अंथरूण ओढत माझ्याजवळ आला आणि माझ्या पोटाला पाठ लावून झोपला. झोपेत लाथा मारत होता. विटांपेक्षा हलक्या.

सकाळी काका खोगिरं चढवत होते. धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “काका, आज मी ह्याच्यावर बसू?”

काकांनी मला बसवलं, तो चढला. मी उठलो, तो पुढे कलंडला, आणि सगळ्यांसारखा ओरडला. मग हसला. त्याचे पाय रिकिबीपर्यंत पोचत नव्हते, हवेत लोंबत होते. काका पट्ट्याला हात लावायला गेले आणि थांबले. त्यांनी वर बघितलं.

“दादाचे पाय लांब होते,” धाकटा म्हणाला. “माझ्या मापाचं करा.”

‘होते’ म्हणाला. मी ऐकलं.

काकांनी पट्टा तीन भोकं वर घेतला. परतीच्या सगळ्या वाटेवर तो नर्सबाईंशी भांडत होता की लिफ्टमध्ये अडकल्यावर बटणं दाबत राहावं की नाही. “दादा सांगायचा, एकदा दाबा आणि गप्प उभं राहा. येतं कुणीतरी.” जीपमध्ये चढताना सासू-सुनेने त्याला मधे बसवून घेतलं. सून म्हणाली, “आमच्याकडे जेवायला यायचं. अंडी मी स्वतः घालीन.” जीप निघाली. त्याने मागे बघितलं, एकदाच.

याला सहा वर्षं झाली. आता माझा पुढचा डावा गुडघा वाकत नाही. सहली दुसरे उंट नेतात, काकांचा भाचा त्यांच्यापुढे चालतो. काकांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्यांना आता एवढं स्वच्छ दिसतं की ते दिवसभर लोकांच्या चुका काढतात. मी कुंपणाशी बसून असतो. मुलं माझ्याबरोबर फोटो काढतात. माझ्यावर काही लादलेलं नसतं आणि त्याची मला अजून पुरती सवय झालेली नाही.

तुम्ही कधी वाळवंटात आलात, तर उंटवाल्याला आपलं वजन खरं सांगा. आपल्याबरोबर कोण नाही, तेही सांगून टाका. तो चिडेल कदाचित. पण त्याला उपाशी ठेवू नका.

आणि धाकट्या, तू हे कुठे वाचत असशील तर तुला सांगायचं राहिलंय. त्या रात्री मी वेसणीच्या हिसक्याने ओरडलो, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. दुखलं होतं, पण लगेच थांबलं. मी आता तुला पाठीवर घेऊन उठू शकणार नाही. तरी ये. एकटा ये, नाहीतर कुणाला तरी घेऊन ये. माझ्या पोटाला पाठ टेकून नुसता बस. हवं तेवढं दादाचं बोल. मला कुठे जायचंय?